मर्नाने लखलखीत केलेली नऊ नाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या नाणेमंडळाच्या चिटणीस मिसेस क्विगली, आजचे सत्कारमूर्ती आणि उद्यापासून आमच्यात नसणारे श्री. आर्लो टेग्नर, त्यांना न्यायला टकोमाहून आलेले त्यांचे चिरंजीव नील्स आणि सूनबाई जोअ‍ॅन, व्यासपीठावर, म्हणजे त्या जोडलेल्या दोन टेबलांमागं, दाटीवाटीनं बसलेले मंडळाचे ज्येष्ठ सभासद, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एक डोळा माझ्यावर आणि एक डोळा मटण-राजम्याच्या चिलीच्या पातेल्यावर ठेवणारे बर्ट हॉलिस्टर, आणि वारा सुटलेला असतानाही आपल्या सॉल्ट वेल्स गावाच्या चारी बाजूंनी इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच एक कबुली देतो. हे भाषण लिहायला मिसेस क्विगलींनी मला फेब्रुवारीत सांगितलं होतं. मार्चमध्ये त्यांनी विचारलं, "जेब, झालं का?" मी म्हणालो, "होत आलंय." तेव्हा कागदावर फक्त तारीख होती. एप्रिलात त्यांनी विचारलंच नाही, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. ज्यांनी त्यांच्या वर्गात भूमितीचा तास काढलाय त्यांना ती नजर ठाऊक आहे. मी त्यांच्या वर्गात कधी नव्हतो. मी कुणाच्याच वर्गात फार वेळ नव्हतो, ते एक असो. शेवटी आज सकाळी पेट्रोल पंपावर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हे लिहिलं. म्हणून अक्षर लागत नाहीये, आणि एका पानावर मोहरीच्या सॉसचा डाग आहे.

पण टाळाटाळ आळसानं केली असं नाही. लिहायला बसलं की एकच गोष्ट समोर यायची, आणि ती निरोपाच्या समारंभात सांगावी का, ते ठरत नव्हतं. काल आर्लोंकडे गेलो. खोकी बांधून झाली होती, खुर्च्यासुद्धा गेल्या होत्या. आम्ही जिन्यावर बसलो. मी विचारलं, "काय सांगू उद्या?" ते म्हणाले, "सगळं सांग पोरा. मर्ना आता नाही. आता कुणापासून लपवायचं?"

तर सगळं सांगतो.

आर्लोंची माझी ओळख झाली ती मी हमरस्त्यावरच्या खानावळीत बशा धुवत होतो तेव्हा. कुणीतरी गल्ल्यात जुना अर्धा डॉलर टाकून गेलं होतं, चांदीचा, झिजून गुळगुळीत झालेला. मालकीणबाईंनी तो मला पगारात धरून दिला. या मालकीणबाईंची पण एक गोष्ट आहे, त्यांनी एकदा चालत्या मालगाडीतून एक बकरी... नको, ते मागाहून. मी तो अर्धा डॉलर घेऊन इथं, मंगळवारच्या बैठकीला, आर्लोंच्या टेबलाशी आलो आणि त्यांच्या हातात द्यायला लागलो. त्यांनी हात मागं घेतला. मला वाटलं, म्हातारा माणूसघाणा दिसतोय. ते म्हणाले, "नाणं हातातून हातात द्यायचं नसतं. तू खाली ठेव. तू सोडलंस की मी उचलतो. म्हणजे पडलं तर कुणाच्या हातून पडलं यावरून दोन माणसं आयुष्यभर भांडत नाहीत." मग त्यांनी ते कडेला धरून उचललं, दिव्याखाली नेलं आणि श्वास रोखला. नाण्यावर बोलायचं नाही, थुंकीचा कण पडला तर दहा वर्षांनी तिथं डाग उठतो, हेही मला त्या दिवशी कळलं. शेजारी त्यांच्या पत्नी मर्ना बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बघ रे, बघ. एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण माझ्याकडे बघताना याने असा श्वास रोखलेला मला आठवत नाही."

आर्लो नाणं खाली ठेवून म्हणाले, "तुझ्याकडे बघताना तू बोलायची थांबलीस तर ना."

मी त्याच आठवड्यात मंडळाचा सभासद झालो. खरं सांगायचं तर नाण्यांसाठी नाही, त्या दोघांसाठी.

नील्स, जोअ‍ॅन, तुम्ही घरचे असलात तरी या नादातले नाही, म्हणून थोडं सांगतो. बाकीच्यांनी तोवर चिलीचा वास घ्यावा. तुझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट गोळा केली. इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर कार्सन सिटी, तिथं एकोणिसाव्या शतकात टांकसाळ होती. डोंगरातली चांदी तिथंच वितळायची, तिथंच ठोकली जायची. त्या टांकसाळीनं नऊ वर्षं अर्धे डॉलर पाडले. एका अंगाला दगडावर बसलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या अंगाला गरुड, आणि गरुडाखाली टांकसाळीच्या खुणेची इवलीशी दोन अक्षरं. सगळी नाणी लोकांच्या खिशांत झिजली, वितळली, हरवली. नऊच्या नऊ वर्षांची नाणी, तीही चांगली, एका माणसाकडे असणं म्हणजे काय ते इथं बसलेल्या कुणालाही विचार. तुझ्या वडिलांनी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करता करता ती जमवली. शेवटच्या वर्षाच्या नाण्यापायी त्यांनी पिकअप विकली आणि दोन हिवाळे सायकलवर कामाला गेले. बर्ट म्हणतात, त्या दिवसांत आर्लोंच्या मिशांना बर्फ लोंबायचा आणि तरी ते शीळ घालायचे.

आणि त्या नाण्यांचा रंग! दीडशे वर्षांत चांदीवर एक साय धरते. काठाशी निळी, मग जांभळी, मधे राखाडी. नाणं हळूच कलतं केलं की त्या सायीखालून उजेडाचा एक पट्टा फिरतो. चोखंदळ माणूस नाण्यात हेच बघतो. ही साय घासून काढली की ती परत येत नाही. नाणं चकाकतं, पण भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात आणि तो फिरणारा उजेड गेलेला असतो. आमच्यात अशा नाण्याला मेलेलं नाणं म्हणतात. आपल्या सभागृहात एक पाटी होती, जुन्या सभासदांना आठवेल: घासलेलं, पुसलेलं, उजळलेलं नाणं प्रदर्शनाच्या पेटीत ठेवलं जाणार नाही. ती पाटी रंगवली होती आर्लोंनीच.

सहा वर्षांपूर्वी आर्लोंच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, रीनोला. नील्स, तू तेव्हा बोटीवर होतास, तुला यायला उशीर झाला. डॉक्टर काही धड सांगत नव्हते. मर्ना दिवसभर इस्पितळात बसायच्या आणि घरी आल्या की त्यांना झोप नसायची. हाताला काही काम हवं होतं. त्यांनी आर्लोंचा संग्रह बाहेर काढला. आर्लो घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर निळा टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर नऊ अर्धे डॉलर, एकेक आरशासारखा. आईकडून आलेले चांदीचे चमचे ज्या पेस्टनं त्या घासायच्या, त्याच पेस्टनं घासलेले. हलक्या हातानं, मऊ फडक्यानं. अक्षरांच्या खाचांतून काडीला कापूस लावून.

पुढचं आर्लोंनी आम्हाला सांगितलं ते तसंच सांगतो. मर्ना म्हणाल्या, "बघ. इतकी वर्षं काळी पडली होती बिचारी. तू बरा होऊन येशील तेव्हा सगळं नवं दिसायला हवं म्हटलं."

आर्लो दारात उभे होते, हातात इस्पितळाची पिशवी. ते म्हणाले, "मर्ना, अगं, आजच टांकसाळीतून आल्यासारखी दिसतायत."

"आवडली?"

"कॉफी कर," ते म्हणाले. "बसून नीट बघतो."

बस. एवढंच. याहून जास्त एक शब्द त्यांनी मर्नांना या विषयावर कधी ऐकवला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी ते काठी टेकत इथं आले. मर्ना गाडीत बसून विणत होत्या, म्हणून दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांनी टेबलावर नऊ नाणी मांडली. बर्टनी टोपी काढली, मयताला काढतात तशी. आर्लो म्हणाले, "ती ही नाणी घासत होती तेव्हा मी मरू नये म्हणून घासत होती, एवढं मला कळतं. नाण्यातलं कळतं त्याच्यापेक्षा जास्त कळतं. माझी एक विनंती आहे. शरदातल्या प्रदर्शनात ती माझ्याबरोबर येईल. ही नाणी पेटीत ठेवू द्या. आणि कुणी काही बोलू नका."

एवढं बोलून त्यांनी वर पाटीकडे बघितलं. स्वतःच्याच अक्षराकडे. तेव्हा मिसेस क्विगली उठल्या, खुर्चीवर चढल्या, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पाटी काढली आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या मागं नेऊन टाकली. म्हणाल्या, "ठराव मंजूर. आता कुणाला काही विचारायचंय?" कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

आणि मंडळी, काय दिवस होते ते! दर शरदात प्रदर्शनाला आपण सगळे आर्लोंच्या पेटीसमोर रांग लावून उभे राहायचो. "मर्ना, कमाल आहे!" "मर्ना, डोळे दिपतात हो!" मर्ना अशा फुलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला पेस्टचं नाव सांगायच्या. मग त्यांना उत्साह चढला. त्या बर्टना म्हणाल्या, "तुझी पण आण की रे. तुझी तर कोळशासारखी दिसतात." बर्ट पांढरेफटक पडले. त्यांचे बसल्या देवीचे डॉलर म्हणजे त्यांचा जीव. ते म्हणाले, "आणतो, मर्ना, पुढच्या आठवड्यात." आणि माझी कॉलर धरून मला बाहेर नेलं. "जेब, तू गावोगाव फिरतोस ना? मला कुठूनही, कसलीही, झिजलेली, भोकाची, अगदी टाकाऊ चांदीची नाणी आण. आजच्या आज!" तेव्हापासून माझ्याकडे ते एक कामच लागलं. आपण सगळ्यांनी मर्नांसाठी टाकाऊ नाणी विकत घेतली. त्यांनी ती मन लावून घासून दिली. माझा तो खानावळीतला अर्धा डॉलरही त्यांनी घासला, आणि देताना बजावलं, "हा खर्चू नकोस हं, मूर्खा."

हसताय. हसा. मलाही बॉनेटवर हे लिहिताना हसू येत होतं, आणि पंपावरचा माणूस विचारत होता, "काय झालं रे, डोळ्यात काही गेलं का?"

आता गेल्या ऑक्टोबरचं.

त्या प्रदर्शनाला लाइल बॅस्कम आले. नव्या सभासदांसाठी सांगतो. बॅस्कम वीस वर्षांपूर्वी आपल्याच मंडळात होते, वयानं लहान होते. आजीनं दिलेला चांदीचा डॉलर घेऊन ते प्रदर्शनाला आले होते. आजीनं तो जन्मभर दर ईस्टरला घासला होता. आर्लोंनी तो दिव्याखाली धरला आणि भर सभागृहात म्हणाले, "हे मेलेलं नाणं आहे. हे इथं ठेवता येणार नाही." मी तेव्हा नव्हतो, पण आर्लोंनीच हे मला सांगितलंय, काही न झाकता. बॅस्कम नाणं खिशात घालून गेले ते परत आले नाहीत. पुढे ते नाण्यांचा धंदा करायला लागले, पार युटापर्यंत त्यांचं नाव झालं. आणि ऑक्टोबरात अचानक या दारातून आत आले.

आर्लो तेव्हा वाडगे भरून आणायला स्वयंपाकघरात गेले होते. पेटीपाशी मर्ना एकट्या. मी पलीकडच्या भिंतीशी उभा होतो. मला दिसलं ते असं. बॅस्कम पेटीवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मर्ना हातवारे करून सांगत होत्या, फडकं कसं, कापूस कसा. मग बॅस्कम सरळ झाले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, वरच्या भिंतीवर जिथं पाटी असायची तिथं पाहिलं, आणि मर्नांना काहीतरी म्हणाले. लहानसंच. एखादं वाक्य असेल. मर्नांचे हात थांबले. मी गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत बॅस्कम गेले होते आणि मर्ना कोट शोधत होत्या. मला म्हणाल्या, "जेब, आर्लोला सांग, डोकं दुखतंय. घरी जायचंय."

त्यानंतर त्यांनी कुणाकडे नाणं मागितलं नाही. आर्लोंना वाटलं, थंडीनं बोटं दुखत असतील. जानेवारीत एका सकाळी त्या चूल पेटवायला गेल्या आणि तिथंच कोसळल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या.

चमच्यांची ती पेस्ट आर्लोंनी मग घरभर शोधली. मिळाली नाही. मर्नांनी ती कधी टाकून दिली, का टाकून दिली, की नुसती संपली होती, हे सांगायला आता कोण आहे?

मंडळी, या माणसाला काय छळतंय ते नीट समजून घ्या. संग्रह गेला त्याचं नाही. त्याचं रडू त्यांनी कधीच गिळलंय. ते मला जिन्यावर म्हणाले, "पोरा, ऑक्टोबर ते जानेवारी ती रोज माझ्यासमोर बसून जेवली. बटाटे पुढे सरकवायची, रेडिओ बंद कर म्हणायची. आणि मला ठाऊक नाही तिला काय ठाऊक होतं. तिला कळलं असेल तर तिनं ते एकटीनं सोसलं. मी तिला लाज वाटू नये म्हणून बोललो नाही. मला लाज वाटू नये म्हणून तीही बोलली नसेल. असं असेल तर आम्ही दोघांनी एका टेबलावर बसून काय केलं?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

मर्ना गेल्यावर मी त्यांना बॅस्कमचं ते बोलणं सांगितलं, तेव्हा फेब्रुवारीत ते मला म्हणाले होते, "तू भटकतोसच. बॅस्कमला गाठ. तो तिला काय म्हणाला तेवढं विचार." मी भटकलो. एली गावात चुकामूक झाली. तिथं एक बास्क, म्हणजे स्पेनकडचा, माणूस मेंढीच्या मटणाचा रस्सा असा करतो की... बरं. विनेमकाच्या जुन्या बाजारात ते सापडले. टेबलावर दोन दिवे, मागं घडीची खुर्ची. मी सरळ विचारलं. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी पाठवलं तुला?"

"आर्लो टेग्नरनी."

"त्यांना पाय नाहीत?"

मी म्हणालो, "त्यांची बायको वारली."

तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "ते त्यांच्या-माझ्यातलं आहे. तुला सांगणार नाही. ज्याला विचारायचंय त्यानं विचारावं." मी या समारंभाची तारीख त्यांना सांगितली. ते एका गिऱ्हाइकाला नाणं दाखवायला लागले. त्याच्या हातात दिलं नाही, खाली ठेवलं. ते त्यांना कुणी शिकवलं असेल हे मला सांगायला नको.

मी परत येऊन आर्लोंना म्हणालो, "चला, मी नेतो गाडीनं. आजच जाऊ." ते म्हणाले, "उद्या बघू." मग म्हणाले, "बर्फ वितळू दे." बर्फ वितळला. मग म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ? त्याच्या आजीचं नाणं मी मेलेलं ठरवलं आणि माझ्या बायकोची नऊ पेटीत ठेवून मिरवली." तीन वेळा आम्ही गाडीत बसलो. एकदा तर गावाबाहेरच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथून त्यांनी मला गाडी वळवायला लावली. नाण्यावर श्वास रोखणारा हा माणूस, मंडळी, एका वाक्याला भ्यायला. मी त्यांना दोष देत नाही. ते वाक्य ऐकलं की मर्ना दुसऱ्यांदा जाणार, किंवा पहिल्यांदाच सुखानं गेल्या असं ठरणार. असा कौल कोण हौसेनं मागेल?

आता उद्या सकाळी ते टकोमाला निघतील. नील्स, तिथं पाऊस फार असतो म्हणतात. त्यांना दुपारची कॉफी कडक लागते. ती नऊ नाणी त्यांच्याबरोबर येतील. कुणी जाणकार भेटला आणि नाक मुरडायला लागला तर त्याला दाराबाहेर काढायचं. हे मंडळातर्फे सांगतोय, ठराव समज.

आर्लो, तुम्हाला काय देऊन निरोप द्यावा ते आम्हाला सुचलं नाही. घड्याळ देऊ म्हणालो, तर मिसेस क्विगली म्हणाल्या की तुमच्याकडे तीन आहेत आणि तिन्ही बंद. मला एवढंच म्हणायचंय. मला वाचता-लिहिता येतं ते असंतसं. पण कुणावर जीव असला की काय करायचं असतं, ते मी तुमच्या टेबलाशी बसून पाहिलंय. तुम्ही गेल्यावर मंगळवारी मी इथं येईन की नाही, मला सांगता येत नाही. आलो तर पहिल्यांदा त्या टेबलाकडे बघेन, आणि मग काय करेन ते मला ठाऊक नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, वेळेची घंटा हातात असून वाजवली नाही, त्यांचे आभार. बर्टनी चिली करपू दिली नाही, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी सहा वर्षं एका बाईसमोर इतकं सुंदर खोटं बोललात, त्याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, तर ते तसेच राहू देत. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव सुटलं असेल, कुणाच्या घरचं दुखणं चारचौघांत निघालं असेल, भलतीकडे भरकटलो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी आता...

काय? बर्ट, हळू बोलू नका, सगळ्यांनाच दिसतंय तुम्ही काहीतरी सांगताय. बाहेर? कोण?

मंडळी, बाहेर लाइल बॅस्कम आलेत. विनेमकाहून एकटेच गाडी हाकत आलेत. पायरीशी उभे आहेत, आत यायला तयार नाहीत. विचारतायत, आर्लोंची ऐकायची तयारी आहे का.

आर्लो, तुम्ही... थांबा, कोट तरी घाला, वारा आहे बाहेर. नील्स, नको. त्यांचा हात धरू नकोस. बसा सगळे, कुणी उठू नका. त्यांना एकट्यानं दारापर्यंत जाऊ द्या.